लपून वार: डी अँड डीच्या लढाईत स्टेल्थ कशी खेळावी आणि कशी चालवावी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, उघडले, तर लपण्याचे नियम तीन ठिकाणी विखुरलेले सापडतात. स्टेल्थची (लपून राहण्याच्या कौशल्याची) चौकट सातव्या प्रकरणात, उजेड-अंधार आठव्यात आणि न दिसणाऱ्या हल्लेखोराचा नियम नवव्यात. तिन्ही शेजारी ठेवून वाचले की टेबलावरची निम्मी भांडणे तिथेच मिटतात, कारण भांडण बहुतेक वेळा एकाच जागी अडते. शत्रूला तुम्ही दिसत नाही ही एक अवस्था, आणि तुम्ही कुठे आहात याची शत्रूला चाहूलही नाही ही दुसरी. नियम या दोन्हींचे वेगवेगळे फळ देतात.

नुसते दिसत नसाल, तर तुमच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणे) आणि तुमच्यावरच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज (दोनांतला लहान धरणे). एवढेच. पटावरचा तुमचा चौकोन शत्रूला माहीत असतो. अदृश्य झालेला विझार्ड (जादूगार) खोलीभर पळत असेल, तर पावलांच्या आवाजावरून तो कुठे आहे ते सगळ्यांना कळते. कोणीही त्याच्यावर तलवार चालवू शकतो, फक्त दोन फासे टाकून कमी असलेला धरायचा. त्याच विझार्डने ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्च करून हाइड (लपणे) केले आणि फासा लागला, तरच तो लपलेला. मग शत्रूला चौकोनाचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर वार आपोआप फुकट जातो, आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) नुसते ‘लागला नाही’ म्हणायचे असते. चौकोन चुकला की चिलखताने वाचवले, हे सांगायचे नाही.

न दिसण्याचे आणखी दोन फायदे खेळाडू नेहमी विसरतात. अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे टप्प्याबाहेर पडणाऱ्यावरचा आयता वार, फक्त दिसणाऱ्या शत्रूवर करता येतो, म्हणून न दिसता शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडलात तर तो वार होत नाही. आणि होल्ड पर्सनसारखे ज्यांच्या वर्णनात ‘दिसणारे लक्ष्य’ अशी अट आहे ते मंत्र तुमच्यावर टाकताच येत नाहीत. फायरबॉलला मात्र तुम्ही दिसलात काय, न दिसलात काय, फरक पडत नाही.

फासा टाकण्याआधी

‘मी लपतो’ म्हणत डी२० (वीस बाजूंचा फासा) टेबलावर आपटला गेला की डीएमने तो फासा धरू नये. आधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: कोणापासून लपायचे आणि कशाच्या आड. जो शत्रू तुम्हाला स्वच्छ पाहू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही, मग फाशावर २० आले तरी. मोकळ्या अंगणात भर दुपारी स्टेल्थचा फासाच नसतो. उलट एका शत्रूपासून लपणे आणि दुसऱ्याला दिसत राहणे एकाच वेळी होऊ शकते. खांबाच्या या बाजूच्या गॉब्लिनला तुम्ही गायब, त्या बाजूच्याला समोर उभे.

आडोशाचे तीन दर्जे आहेत. अर्धा आडोसा चिलखताच्या आकड्यात (एसी) २ वाढवतो, पाऊण आडोसा ५ वाढवतो, आणि पूर्ण आडोशामागच्यावर थेट नेमच धरता येत नाही. २०१४ चे नियम लपायला नक्की किती आडोसा हवा ते सांगत नाहीत, डीएमवर सोडतात. आमचा आग्रह असा, की पाऊण किंवा पूर्ण आडोसा, नाहीतर दाट धुके, मिट्ट काळोख, गच्च झाडी. कमरेएवढ्या भिंतीमागे वाकून बसले तर चालेल, पण नुसते उभे राहून नाही. ही अट मोहिमेच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकावी. ऐन लढाईत ठरवलेली अट कोणाला तरी नक्कीच अन्यायाची वाटते.

काहींना यात सूट आहे. लाइटफूट हाफलिंग स्वतःपेक्षा एका आकाराने मोठ्या प्राण्यामागे लपू शकतो, म्हणजे स्वतःच्याच फायटरच्या पाठीमागे. वुड एल्फला हलकी झाडी, जोराचा पाऊस, पडणारे बर्फ किंवा विरळ धुकेही पुरते. स्कल्कर हे फीट (जादा कसब) घेतलेल्याला मंद उजेड पुरतो, आणि लपून मारलेला बाण चुकला तरी त्याची जागा उघडी पडत नाही.

अंधाराबद्दल एक सापळा आहे. डार्कव्हिजन (अंधारात पाहण्याची क्षमता) असलेल्याला काळोख दिवसासारखा दिसतो, असे धरून खेळणारी टेबले खूप आहेत. तसे नाही. ठरलेल्या अंतरापर्यंत, बहुतेकांना ६० फूट, काळोख त्याला मंद उजेडासारखा दिसतो. मंद उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला (चाहूल घेण्याच्या कौशल्याला) डिसॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे पॅसिव्ह परसेप्शनमधून (फासा न टाकता धरायच्या आकड्यातून) ५ वजा. काळोखात पहारा देणाऱ्या गॉब्लिनचे ९ प्रत्यक्षात ४ होते. उलट तुमच्यातला कोणी मशाल घेऊन चालत असेल, तर ती २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट मंद उजेड पाडते आणि काळोखात फार लांबून दिसते. मशालवाल्याने लपायचा विचार सोडून द्यावा.

एका रोगचा हिशेब

तिसऱ्या लेव्हलचा रोग (Rogue, चोरटा लढवय्या) घ्या. डेक्सटेरिटी १६, म्हणजे +३. प्रोफिशियन्सी (सरावाची भर) +२, आणि स्टेल्थमध्ये एक्सपर्टीज असल्याने ती दुप्पट. एकूण +७. समोर २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला गॉब्लिन, पॅसिव्ह परसेप्शन ९. फाशावर ३ किंवा जास्त पडले की बेरीज ९ च्या पुढे, म्हणजे ९० टक्के वेळा रोग लपतो.

आता गॉब्लिनच्या जागी लांडगा ठेवा. त्याचे पॅसिव्ह १३, पण वास आणि आवाज ओळखण्यात त्याला ॲडव्हांटेज आहे, म्हणून त्या बाबतीत १८ धरायचे. त्याच रोगला आता १२ किंवा जास्त हवे, म्हणजे फक्त ४५ टक्के. कुत्री-लांडगे सोबत असलेल्या शत्रूवर दबा धरायला जाताना वारा कुठल्या दिशेचा आहे हे डीएमला जरूर विचारा. चांगला डीएम त्याचा उपयोग करू देतो.

लपून मिळते काय? रोगचा हल्ला +५, गॉब्लिनचे एसी १५, म्हणजे १० किंवा जास्त हवे. साध्या फाशाने ५५ टक्के, ॲडव्हांटेजने जवळजवळ ८०. क्रिटिकलची (फाशावर २० पडण्याची) शक्यता ५ टक्क्यांवरून पावणेदहावर जाते, आणि क्रिटिकलला स्नीक अटॅकचे (रोगच्या चोरट्या वाराच्या जादा नुकसानीचे) फासेही दुप्पट होतात. शॉर्टबोचा बाण लागला तर १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) अधिक ३ नुकसान, वर स्नीक अटॅकचे २डी६, सरासरी साडेतेरा. गॉब्लिनचे हिट पॉइंट (जीव) ७.

पण इथे थांबून एक गोष्ट पाहा. स्नीक अटॅकला लपण्याची गरजच नाही. अट अशी: हल्ल्याला ॲडव्हांटेज असावा, किंवा लक्ष्याचा दुसरा कोणी शत्रू त्याच्यापासून ५ फुटांत शुद्धीवर उभा असावा आणि तुमच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज नसावा. हत्यार फिनेस (चपळाईने चालवता येणारे) किंवा लांब मारा करणारे हवे. म्हणजे तुमचा फायटर गॉब्लिनला भिडलेला असेल, तर उघड्यावर उभे राहूनही स्नीक अटॅक लागू होतो. अशा वेळी दोन शॉर्टसोर्ड घेऊन बोनस ॲक्शनचा (पाळीतल्या जादा छोट्या कृतीचा) दुसरा वार केला, तरी दोनांपैकी एक लागायची शक्यता तीच, जवळजवळ ८० टक्के. लपणे आणि दुसरा वार हे एकाच बोनस ॲक्शनचे दोन खर्च आहेत. लपणारा रोग मार खात नाही, भिडणारा खातो. फायटर एकटा चार जणांना अडवून धरत असेल तर भिडा, तुमचे हिट पॉइंट एक आकडी उरले असतील तर लपा.

आणखी एक: स्नीक अटॅक पाळीला (एकाच्या वेळेला) एकदा आहे, फेरीला (सगळ्यांच्या पाळ्या मिळून) एकदा नाही. दुसऱ्याच्या पाळीत रिॲक्शनने केलेला अपॉर्च्युनिटी अटॅकसुद्धा अटी पुऱ्या करत असेल तर पुन्हा स्नीक अटॅक होतो.

पाळीचा क्रम

दुसऱ्या लेव्हलला रोगला कनिंग ॲक्शन मिळाले की हाइड बोनस ॲक्शनमध्ये बसते. आता क्रम महत्त्वाचा.

तळघरात दोन खांब, तीसेक फुटांवर गॉब्लिन. नवखा खेळाडू असे करतो: खांबामागे जातो, लपतो, डोकावून बाण मारतो. हल्ला लागो वा चुको, जागा उघडी पडते, आणि शत्रूंच्या सगळ्या पाळ्यांत तो तसाच उघडा राहतो. ॲडव्हांटेज मिळाला, संरक्षण गेले.

मुरलेला खेळाडू पहिल्या पाळीत उघड्यावरूनच बाण मारतो, मग खांबामागे सरकतो आणि शेवटी बोनस ॲक्शनने लपतो. पुढची पाळी येईपर्यंत तो लपलेला. दुसऱ्या पाळीपासून चक्र बसते: डोकावून ॲडव्हांटेजने बाण, चाल, पुन्हा हाइड. पहिल्या बाणाचा ॲडव्हांटेज सोडला, पण त्यानंतर हल्ला आणि बचाव दोन्ही मिळत राहतात.

हे मोडते ते एकाच कारणाने. गॉब्लिन ३० फूट चालून खांबाला वळसा घालतो आणि तुम्हाला पाहतो. त्याला फासा टाकावा लागत नाही, समोर दिसलात की लपणे संपले. म्हणून खांब निवडताना शत्रूच्या एका चालीत गाठता येणार नाही असा निवडा, किंवा मध्ये फायटर उभा करा.

डोकावून मारणे आणि धावत जाऊन मारणे यांत फरक करा. २०१४ चे नियम सांगतात की लढाईत प्रत्येकजण चौफेर सावध असतो, त्यामुळे आडोसा सोडून कोणाच्या अंगावर गेलात तर तो सहसा पाहतोच. आडोशाच्या कडेवरून मारलेल्या बाणाला ॲडव्हांटेज द्यावा. २० फूट मोकळी फरशी ओलांडून खुपसलेल्या खंजिराला द्यायचा तर शत्रूचे लक्ष दुसरीकडे गुंतलेले असावे, आणि ते डीएमने ठरवावे.

त्याच खांबामागून पुन्हा पुन्हा लपू द्यावे का? द्यावे. रोगने दर वेळी त्याची बोनस ॲक्शन मोजली आहे. हुशार शत्रूने मग रेडी ॲक्शन घेऊन त्या कडेवर बाण रोखून धरावा, रोग डोकावून बाण मारतो न मारतो तोच रिॲक्शनने उत्तर द्यावे. हे नियमात बसते आणि खेळही रंगतो. मनमानी दंड लावण्यापेक्षा कितीतरी बरे.

दबा धरताना

२०१४ मध्ये बेसावध सापडलेला शत्रू पहिल्या पाळीत हलू शकत नाही, ॲक्शन घेऊ शकत नाही आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शनही नाही. पण एकाही धोक्याची चाहूल लागली तर तो बेसावध राहत नाही. पाच जणांच्या टोळीत चौघे मांजराच्या पावलांनी आले आणि पाचवा चेन मेल घालून खणखणत आला, तर त्याला ऐकणारा शत्रू सगळ्यांच्याच बाबतीत सावध. चेन मेल, प्लेट, स्केल मेल, हाफ प्लेट, सगळ्यांना स्टेल्थवर डिसॲडव्हांटेज आहे. उपाय दोन. ड्रुइड किंवा रेंजरकडे पास विदाउट ट्रेस हा मंत्र असेल तर ३० फुटांतल्या सगळ्या साथीदारांना तासभर +१०, मात्र कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरची एकाग्रता) टिकले पाहिजे. नसेल तर त्या चेन मेलवाल्याला ६० फूट मागे ठेवा आणि तो दोन पाळ्या उशिरा पोहोचेल हे धरूनच बेत आखा.

२०२४ च्या नियमांत

नव्या हँडबुकात हाइडला पक्का आकडा आहे: स्टेल्थची बेरीज किमान १५. शिवाय पाऊण किंवा पूर्ण आडोसा अथवा दाट आच्छादन हवे, आणि कोणाही शत्रूच्या नजरेच्या रेषेत नसावे. वरच्या रोगला आता गॉब्लिनसमोरही ८ किंवा जास्त लागते, ६५ टक्के. जमले तर इन्व्हिजिबल ही अवस्था मिळते, आणि पडलेली बेरीज हाच तुम्हाला शोधणाऱ्याच्या परसेप्शनचा लक्ष्य आकडा, तो कागदावर लिहून ठेवा. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ल्याचा फासा टाकला, तोंडी मंत्र उच्चारला किंवा शत्रूने शोधले की लपणे संपते.

अवस्थेचे नाव इन्व्हिजिबल असल्यामुळे काही खेळाडू एकदा लपून मग उजेडात शत्रूसमोर फिरायला मागतात. आमच्या टेबलांवरचा निर्णय असा: आडोसा सोडून त्याच पाळीत हल्ला केला तर ॲडव्हांटेज, पाळी संपताना उघड्यावर असाल तर शत्रूने शोधले असे धरायचे. बेसावध असण्याचा परिणामही नव्या नियमांत सौम्य आहे. पाळी जात नाही, फक्त इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या) फाशाला डिसॲडव्हांटेज.

डीएमसाठी

खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक पात्राचे पॅसिव्ह परसेप्शन चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या आत चिकटवा. दबा धरलेल्या राक्षसांची स्टेल्थ घरीच टाकून ठेवा. ‘सगळ्यांनी परसेप्शन टाका’ म्हटले की झुडपात काहीतरी आहे हे तिथेच फुटते, मग १४ पॅसिव्ह असलेल्या खेळाडूने क्लेरिकला विझ्डम देऊन काय मिळवले?

कोणी लपले की त्याची बाहुली पटावरून उचला आणि शेवटी दिसलेल्या चौकोनात नाणे ठेवा. ऑनलाइन खेळत असाल तर टोकन फक्त डीएमला दिसेल असे करा. बाहुली पटावर राहिली की लोक नकळत तिच्या दिशेने चालतात, आणि डीएमचे गॉब्लिनही तसेच वागतात. गॉब्लिनला रोग सापडत नसेल, तर त्याने नाण्यापर्यंत चालत जावे, ॲक्शन खर्चून सर्च करावे, किंवा कंटाळून फायटरकडे वळावे.