टँकमधले कॅटफिश का मरतात? औषध ओतण्याआधी या चुका टाळा

कोरी (तळाशी फिरणारा छोटा, मिशा असलेला कॅटफिश) किंवा सकर (काचेला चिकटणारा कॅटफिश) आजारी दिसला की बहुतेक जण मोबाइलवर फोटो काढतात आणि दुकान गाठतात. "दादा, हे निळं टाका, दोन दिवसांत फरक पडेल," असं सांगून दुकानदार बाटली देतो. रोग कोणता, हे कुणीच पाहिलेलं नसतं. मुंबईच्या घरांत कॅटफिश मरतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे आणि तळाच्या घाणीमुळे, रोग त्यानंतर येतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून बाटली उघडण्याआधी थोडी चौकशी करा.

सर्वात आधी मासे कोणत्या क्रमाने मेले ते आठवा. एका रात्रीत सगळे गेले असतील तर तो सहसा रोग नसतो. प्राणवायू संपला असेल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन टँकमध्ये उतरलं असेल किंवा एखादा फवारा पाण्यात उतरला असेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक जात असेल तर अमोनिया (विष्ठा आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात सुटणारं विष), उपासमार किंवा जंतुसंसर्गाकडे बघा. फक्त नवे आणलेलेच गेले तर प्रवास आणि पाण्यातला फरक नडला. आणि वरच्या पाण्यात पोहणारे गप्पी, टेट्रासारखे छोटे मासे ठणठणीत असताना फक्त कॅटफिशच मरत असतील तर दोष तळात, खाण्यात किंवा तुम्ही टाकलेल्या औषधात असण्याची शक्यता जास्त.

तळ कधी उपसून पाहिलाय?

रंगीत खड्यांचा जाड थर दिसायला छान दिसतो, पण उरलेलं खाणं आणि विष्ठा त्याच्या फटींत जाऊन कुजते. सायफनची नळी खड्यांत खुपसून बघा. तपकिरी ढग उठला आणि कुजका वास आला तर कोरी दिवसभर त्याच घाणीत तोंड खुपसून फिरते आहे, हे समजा. तिच्या मिशा जवळून बघा, मोबाइलचा टॉर्च बाजूने मारला की नीट दिसतात. निरोगी कोरीच्या मिशा लांब आणि टोकदार असतात. आजारी कोरीच्या आधी टोकाला पांढुरक्या होतात, मग झिजतात आणि शेवटी नुसते खुंट उरतात. पोटाखाली लालसर डाग दिसू लागले तर पाणी बरेच दिवस खराब आहे असं धरून चाला. खडे काढून बारीक, गुळगुळीत वाळूचा पातळ थर द्या. प्लास्टिकच्या जहाजाखालची आणि किल्ल्याखालची जागाही दर वेळी साफ करा. पाणी स्वच्छ राहिलं तर झिजलेल्या मिशा पुष्कळदा पुन्हा वाढतात.

सगळं स्वच्छ धुतलं आणि दुसऱ्या दिवशी मासे गेले

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि यात दोन वेगळ्या चुका असतात.

पहिली फिल्टरची. स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला की अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू मरतात. नव्या टँकमध्ये ते तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळायचा, बस्स.

दुसरी चूक कमी जणांना माहीत असते. आपल्याकडे महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं. ते बऱ्यापैकी मृदू असतं, त्यात आम्ल झेलणारे क्षार कमी. महिनोन् महिने पाणी न बदलता फक्त आटलेलं भरत राहिलं की टँकचा पीएच (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) हळूहळू सहाच्या खाली घसरतो. एवढ्या आम्लतेत जिवाणू मंदावतात, अमोनिया साठत जातो, पण तो अमोनियमच्या रूपात असतो आणि माशांना फारसा त्रास देत नाही. मग रविवारी आपण जोशात ऐंशी टक्के पाणी बदलतो. पीएच एकदम वर जातो आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. मासा आदल्या दिवसापर्यंत जगत होता, पाणी 'चांगलं' झालं आणि मेला, असं दिसतं ते यामुळे. अशा जुन्या टँकचं पाणी एका वेळी दहा-पंधरा टक्केच बदला, एक दिवसाआड. त्यानंतर दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्क्यांचा नेम ठेवा.

टेस्ट किट घ्या, त्याला पर्याय नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, २० असेल तर उत्तम.

क्लोरीनचं म्हणाल तर सकाळी पाणी आलं की बादली भरून चोवीस तास उघडी ठेवा किंवा अँटी-क्लोरीन टाका. सोसायटीच्या टाक्या नुकत्याच धुतल्या असतील तर दोन-तीन दिवस पाणी बदलूच नका, धुताना ब्लीचिंग पावडर वापरलेली असते. टँकरचं पाणी आलं असेल तर आधी पीएच तपासा.

मे महिना

बहुतेक कोरींना २२ ते २६ अंश मानवतं, स्टर्बाय जातीची कोरी थोडी जास्त उष्णता सोसते. मुंबईत वरच्या मजल्यावरच्या बंद घरात मे महिन्यात टँकचं पाणी सहज तिशीपार जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. त्यात तापमानामुळे माशाची गरज वाढलेली. कोरी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि आतड्यातून प्राणवायू शोषते. अधूनमधून असं करणं स्वाभाविक आहे, पण सगळ्याच सारख्या वर-खाली पळत असतील तर लगेच एअर पंप वाढवा, खाणं निम्मं करा, टेबल फॅनचा वारा पाण्यावर सोडा. आपल्या दमट हवेत फॅनने फार फरक पडत नाही, पण अंश-दोन अंशही कामाला येतात. बर्फ मात्र टाकू नका.

एअर पंप खोलीतली हवा ओढतो, हेही ध्यानात ठेवा. झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत होणारी धूरफवारणी, यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात आणि ती माशांना अतिशय घातक. फवारणीच्या आधी खिडक्या लावा, टँक ओल्या कापडाने झाका, थोडा वेळ पंप बंद ठेवा आणि हवा मोकळी झाल्यावर लगेच चालू करा.

औषध द्यायचंच असेल तर

कॅटफिशला इतर माशांसारखे खवले नसतात. तांबं किंवा फॉर्मालिन असलेली औषधं त्यांना लवकर बाधतात, खडेमीठही कमी सोसतं. निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलिन ब्लू, ते मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरचे जिवाणू मारतं. आजारी मासा वेगळ्या डब्यात काढा, बाटलीवर खवले नसलेल्या माशांसाठी वेगळा डोस दिला असेल तर तोच द्या आणि एअर पंप चालू ठेवा. अंगावर साबुदाण्यापेक्षा बारीक पांढरे ठिपके असतील तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग. त्यावर तापमान ३० पर्यंत वाढवण्याचा सल्ला मिळेल, पण कोरीच्या बाबतीत तो सांभाळूनच.

आता खाणं. "सकर काच साफ करतो, उष्टं खाऊन जगतो" हे वाक्य किती माशांच्या जिवावर उठलंय! शेवाळ संपलं की तो उपाशी मरतो. मासा काचेला चिकटला की त्याचं पोट बघा, आत खपाटीला गेलेलं असेल तर त्याला रोग नाही, भूक आहे. दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या पेलेट टाका, सकरला उकडलेली काकडी किंवा दुधी द्या आणि उरलेलं सकाळी काढून टाका. कोरी एकटी ठेवू नका, सहा तरी हव्यात.

खरेदी करतानाही थोडं पारखून घ्या. क्रॉफर्ड मार्केटमधून मे महिन्याच्या दुपारी, लोकलच्या गर्दीत कोरी नेऊ नका. घाबरली की ती पिशवीतल्या पाण्यात विष सोडते आणि छोट्या पिशवीत त्यानेच सगळ्या मरतात. पाणी दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर ताबडतोब मासे बाहेर काढा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. तिचे काटे जाळीत अडकतात, वाटीने उचला. साधा सकर फूटभराच्या वर वाढतो. 'शार्क' म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू तर पंगासिअस, म्हणजे हॉटेलात बासा म्हणून ताटात येणारा मासा. तो मीटरभराच्याही वर वाढतो आणि दोन फुटी टँकमध्ये काचेवर आपटून नाक फोडून घेतो. तो घेऊच नका, आणि घेतलेला असला तरी पवई तलावात सोडू नका, दुकानदाराला परत करा.

टँकमध्ये मृत्यू झाला असेल तर सलग चार आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत नवा मासा आणू नका. आणाल तोही आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात, स्वतंत्र जाळी आणि स्पंज फिल्टर लावून ठेवा.