जुन्या पीसीचा वेब सर्व्हर: आधी धूळ, मग डेबियन

जुन्या पीसीवर घरूनच लहान संकेतस्थळ चालवायचं तर कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी रॅम पुष्कळ झाली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात आणि वीज ये-जा करताना यंत्र टिकवणं हे खरं काम.

टॉवर उघडून ब्लोअर मारा. पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो सुसाट फिरून खराब होतो. जिनिंगजवळ राहत असाल तर हीट सिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत कापसाच्या तंतूंची गादीच सापडेल. प्रोसेसर आणि हीट सिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर वरून फुगले असतील तर त्या बोर्डावर वेळ घालवू नका. हार्ड डिस्कऐवजी १२० जीबीची साटा एसएसडी पुरते.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलाच. पन्नासेक रुपयांची गोष्ट, पण अडवते फार. सेल मेला की लाइट गेल्यावर बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सगळं विसरतो आणि पुष्कळ बोर्ड ‘एफ१ दाबा’ म्हणत थांबून राहतात. सर्व्हरला तर कीबोर्डही नसतो.

नवा सेल बसवल्यावर बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं ती सेटिंग शोधा आणि ‘पॉवर ऑन’ निवडा. ‘लास्ट स्टेट’ नको. त्यात यूपीएस संपत आला म्हणून तुम्ही यंत्र नीट बंद केलंत, तर ते बंदच राहील.

पेनड्राइव्हवर डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीची नेटइन्स्ट प्रत (बाकीचं इंटरनेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर) घ्या. प्रोसेसर ३२-बिट असेल तर डेबियन १२ वरच थांबा, १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलर नाही. रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडला की तुमच्या खात्याला सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, मिळतात. शेवटच्या यादीत डेस्कटॉपच्या खुणा काढा. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून यंत्र चालवण्यासाठी) आणि स्टँडर्ड युटिलिटीज एवढंच ठेवा. मग डेबियनच्या एपीटी या आज्ञेने एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रोग्राम बसवा. फायरवॉल लावणार असाल तर आधी एसएसएचला वाट द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. पानं ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’च्या ‘एचटीएमएल’ फोल्डरात जातात.

राउटरमध्ये यंत्राचा आयपी कायम करून टाका. आता परीक्षा: यंत्र बंद करा, भिंतीवरचं बटण (यूपीएस असेल तर तोही) दहा मिनिटं बंद ठेवून परत चालू करा आणि मोबाइलवर पान उघडतंय का बघा.

जागा पत्र्याच्या खोलीत नको. जुनं धाब्याचं घर असेल तर त्यातली आतली खोली उत्तम. सरासरी ६० वॅट धरले तर महिन्याला साधारण ४३ युनिट पडतात.

संकेतस्थळ बाहेरून दिसायला हवं असेल तर राउटरवरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली मागणी राउटरने तुमच्या यंत्राकडे पाठवण्याचा) उपयोग नाही, कारण तुमच्यासह बरेच ग्राहक एकाच पत्त्यामागे आहेत. केबलवाल्याकडून स्टॅटिक (न बदलणारा, फक्त तुमचा) आयपी मागून घ्या.