गाणं ऐकायला आणि घरी रेकॉर्डिंग करायला मोठा हेडफोन कसा पारखायचा

हेडफोन घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो बासचा, मग लूकचा, मग किमतीचा. पण घरी चार गाणी रेकॉर्ड करायची असतील तर विचारायला हवं की हा हेडफोन माझ्या रेकॉर्डिंगमधली चूक मला दाखवतो का. सगळंच गोड करून ऐकवणाऱ्या हेडफोनवर मिक्स केलेलं (वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक केलेलं) गाणं गाडीत किंवा फोनच्या स्पीकरवर लावलं की उघडं पडतं. खालचं सगळं त्या एका प्रश्नासाठीच आहे.

आधी प्रकार ठरवा

कान पूर्ण झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये मुख्य दोन जाती, क्लोज्ड बॅक आणि ओपन बॅक. क्लोज्डची पाठ बंद असते, आवाज बाहेर फारसा जात नाही, म्हणून माइकसमोर गाताना हाच लागतो. ओपनची पाठ जाळीची, आवाज मोकळा आणि पसरलेला वाटतो, तासन्‌तास ऐकायला छान, पण शेजारी बसलेल्यालाही गाणं ऐकू जातं आणि माइकलाही. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला तिथून हा ओपन प्रकार सुरू झाला, आणि त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० आजही गळा नीट ऐकायचा असेल तर लोक डोळे झाकून सुचवतात, फक्त अगदी खालचा बास त्यात कमी आहे हे धरून चाला. क्लोज्डमध्ये सोनी एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स आणि बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ही स्टुडिओत वर्षानुवर्षं दिसणारी नावं.

एकच घेता येणार असेल आणि रेकॉर्डिंग करायचंच असेल तर क्लोज्ड घ्या. यात मला तरी शंका नाही.

ओहमचा आकडा वाचा

बॉक्सवर इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विद्युत विरोध, ओहममध्ये लिहिलेला असतो. एम५०एक्स ३८ ओहम, ७५०६ साधारण ६३, एचडी ६०० थेट ३००. डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारांत मिळतो आणि बरेच जण न बघता भलताच उचलतात. आकडा जास्त म्हणजे आवाज चांगला असं अजिबात नाही, साधारणपणे त्याला जास्त व्होल्टेज लागतं एवढंच. फोनला किंवा छोट्या ऑडिओ इंटरफेसला (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) २५०-३०० ओहमचा लावलात तर व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही कधी कधी जीव येत नाही. घरच्या सेटअपला ३२ ते ८० मध्ये राहिलात तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. सोबत सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक सिग्नलवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, आकडाही बघा, पण एक कंपनी तो मिलिवॅटवर देते आणि दुसरी व्होल्टवर, त्यामुळे थेट तुलना करू नका.

ऐकायला आपलं गाणं न्या

दुकानात लावलेलं डेमोचं गाणं निवडलेलंच असतं, त्यावर सगळेच हेडफोन भारी वाटतात. तुम्ही शेकडो वेळा ऐकलेली पाच-सहा गाणी फ्लॅक किंवा वेव्ह (आवाजातलं काही न गाळणाऱ्या) फाइलमध्ये न्या, फोनमधला इक्वलायझर आणि डॉल्बीसारखं जे काही चालू असेल ते बंद करा.

माझी पहिली परीक्षा तानपुऱ्याची. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, पण जवारी (घोडीवर तारेचा झणकार जुळवणं) नीट उघडलेली असेल तर त्या एका तारेतून वरच्या स्वरांची अख्खी रांग निघते आणि हळूहळू विरत जाते. बास फुगवलेल्या हेडफोनवर नुसती घूं घूं ऐकू येते, चारही तारा एकमेकींत मिसळून जातात. चांगल्यावर प्रत्येक तार छेडल्याचं वेगळं कळतं, खर्ज विरताना वरचा गंधारसुद्धा सापडतो. दोन मिनिटं फक्त हेच ऐका, बाकी काही नाही.

मग तबला. बायावर, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्यावर, मनगट सरकवून घुमारा काढला की स्वर वर चढत जातो, तो चढ ऐकू यायला पाहिजे. नुसतं 'धुम्म' आलं तर तो हेडफोन खालचे स्वर एकाच डब्यात कोंबतोय. दायाच्या (उजव्या तबल्याच्या) चाटीची, म्हणजे कडेवरच्या बोलाची, किनार कडक यावी पण टोचू नये, आणि द्रुतमधलं तिरकिट अक्षर अक्षर सुटं ऐकू यावं. पेटीची साथ असेल तर भात्याची हवा आणि पट्टी दाबल्याचा बारीक खटका येतो का बघा, आणि एखादा अभंग लावून पखवाज आणि टाळ एकत्र वाजत असताना गायकाचे शब्द स्पष्ट राहतात का तेही.

शेवटी गळा. स, श, छ ही अक्षरं कानाला टोचतात का? टोचत असतील तर तेच गाणं दुसऱ्या हेडफोनवर ऐकून दोष गाण्याचा की हेडफोनचा हे ठरवा. याचा परिणाम थेट कामावर होतो. डीटी ९९० प्रोसारख्या वरचे स्वर चढवून देणाऱ्या हेडफोनवर मिक्स करणारा माणूस ट्रेबल (वरचे स्वर) कापत जातो आणि गाणं मळकट होतं, बास चढवलेल्यावर बास कापत जातो आणि गाणं पोकळ होतं.

व्हॉल्यूम सारखा करा, नाहीतर तुलनाच नको

जो थोडा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. दोन हेडफोन एकाच व्हॉल्यूमवर लावले तरी एक मोठा वाजणार. म्हणून पिंक नॉइजची (सगळे स्वर मिसळलेल्या एकसारख्या खसखशीची) फाइल लावा, फोनमधलं साउंड मीटर अ‍ॅप उघडून फोनचा माइक दोन्ही हेडफोनच्या कपात सारख्याच जागी धरा आणि आकडा जुळेपर्यंत व्हॉल्यूम फिरवा. लॅबइतकं अचूक नाही पण बरीचशी फसवणूक टळते.

याच वेळी मोनो (दोन्ही कानांत तोच आवाज देणारी) फाइल लावून आवाज बरोबर मध्ये उभा राहतो का बघून घ्या. एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला, डाव्याचा उजवीकडे. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा किंवा इंटरफेसचा, तिथेच राहिला तर तुमच्या कानाचा किंवा पॅड नीट न बसल्याचा. २० हर्ट्झपासून एकच सूर सलग वर चढत जाणारी स्वीप फाइलही हळू आवाजात वाजवा, मध्येच कुठे खरखर किंवा झणझण आली तर तो पीस परत करा.

माइकसमोर घालून बघा

ही परीक्षा फार कमी लोक करतात आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला हीच सगळ्यात महत्त्वाची. कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा स्टुडिओचा माइक) लावा, गाताना ठेवता तसाच वीतभर अंतरावर, हेडफोनमध्ये मेट्रोनोमचा क्लिक आणि तबला नेहमीच्या आवाजात सोडा आणि मिनिटभर गप्प उभे राहून रेकॉर्ड करा. मग तो ट्रॅक २०-३० डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं एकक) वर नेऊन ऐका. क्लिकची टकटक स्पष्ट आली तर हळू आलापात ती नक्की ऐकू येणार आणि नंतर काढता येत नाही. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट करा, काडीमुळे पॅडमध्ये फट पडते, तिथून आवाज गळतो आणि बासही पळतो. बऱ्याच गायकांना एक कान उघडा ठेवून सूर धरायची सवय असते, तुम्हाला असेल तर मोकळा कप गालावर किंवा डोक्याला दाबून बंद होतो का पाहा, नाहीतर सगळा क्लिक तिथूनच माइकमध्ये.

ब्लूटूथवर गाऊन रेकॉर्डिंग करायचा विचार सोडा, आपलाच आवाज उशिरा कानात येतो आणि लय सुटते. वायर लावा, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये) चालू करा.

तासभर घालून बसा

दहा मिनिटांत सगळेच आरामदायी वाटतात. सलग तासभर घाला, टाळूवर दाब येतो का, जबडा दुखतो का, कान घामेजतात का ते बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनचे पॅड चिकटतात आणि काही वर्षांत त्यांचे पापुद्रे सुटतात, डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकारांचे मखमली पॅड त्या मानाने सुसह्य. आवाज मात्र आवरा, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डीबीला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि आवाज जसा वाढेल तसे तास झपाट्याने कमी होतात. मिक्स करताना नकळत व्हॉल्यूम चढत जातो, म्हणून नॉबवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

घेताना शेवटच्या दोन गोष्टी. वायर निघते का विचारा, एम५०एक्सची आणि एचडी ६०० ची निघते, ७५०६ ची नाही, आणि खुर्चीखाली आली की सगळ्यात आधी वायरच जाते. पॅड सुटे मिळतात का तेही विचारा. आणि नावाजलेल्या मॉडेलच्या नकला बाजारात भरपूर आहेत, फारच स्वस्त मिळत असेल तर अधिकृत विक्रेत्याचं बिल मागा, सीरियल नंबर तपासा आणि परत करायची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या परीक्षा उरका.