हिस्पॅनिक कुटुंबांच्या उत्पन्नाची आकडेवारी कशी तपासावी

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेल्या लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचा जन्म अमेरिकेतच झालेला असल्याने, सरसकट हिस्पॅनिकांचा आकडा घेऊन त्यावरून स्थलांतरितांच्या परिस्थितीचा निष्कर्ष काढता येत नाही. तुलना करण्यापूर्वी कोणाची गणना कोणत्या गटात झाली आहे, हे पाहावे.

अमेरिकी जनगणना विभाग जन्मतः नागरिक असलेल्या प्रत्येकाला देशात जन्मलेल्यांत धरतो. पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटावरील लोकांना १९१७ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले, त्यामुळे सान हुआनहून नुकतेच न्यूयॉर्कला आलेले कुटुंबही याच गटात मोडते. म्हणून त्यांचे आकडे शक्यतो वेगळे काढावेत. स्थलांतरितांमध्येही मूळ देश पाहणे आवश्यक आहे, कारण क्यूबातून आलेल्यांसाठी १९६६ च्या कायद्याने कायम वास्तव्याची वाट खुली केली, तशी सोय ग्वाटेमालाहून आलेल्या मजुराला नाही.

सर्वांत जास्त गोंधळ व्यक्ती आणि कुटुंब यांत होतो. समजा, ह्यूस्टनमध्ये छपरे बसवणारा एक कामगार आणि घरकाम करणारी त्याची पत्नी हे दोघेही स्थलांतरित आहेत आणि त्यांच्या तिन्ही मुलांचा जन्म टेक्सासमधला आहे. कुटुंबनिहाय तक्त्यात हे घर स्थलांतरितांचे ठरते, पण व्यक्तिनिहाय तक्त्यात तीच मुले देशात जन्मलेल्या गरिबांत मोजली जातात. आईवडिलांच्या तुटपुंज्या मजुरीचा भार असा दुसऱ्याच गटाच्या आकड्यांवर पडतो. म्हणून कुटुंबप्रमुखाचे जन्मस्थान हा निकष आधी ठरवून घ्यावा आणि तोच शेवटपर्यंत पाळावा.

त्यानंतर कुटुंबाचा आकार विचारात घ्यावा. वर्षाला ७२,००० डॉलर मिळवणारे चौघांचे घर एकट्याने ४८,००० डॉलरवर राहणाऱ्यापेक्षा सधन दिसते; परंतु प्रचलित पद्धतीप्रमाणे उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागले, तर पहिल्याचे ३६,००० आणि दुसऱ्याचे ४८,००० डॉलर होतात. देशात जन्मलेल्या हिस्पॅनिकांचे सरासरी वय बरेच कमी आहे, हेही ध्यानात घेऊन ३५ ते ५४ अशा एकाच वयोगटातील कुटुंबप्रमुखांची तुलना करावी.

गरिबी मोजताना अधिकृत दारिद्र्यरेषेवर थांबू नये. ती घरभाड्यातील प्रादेशिक फरक धरत नाही, त्यामुळे लॉस एंजेलिसमधील कुटुंबाची ओढाताण तिच्यात उमटत नाही. २०११ पासून प्रसिद्ध होणारे पूरक मापन भाडे, कर आणि सरकारी मदत हिशेबात घेते. मदतीतही भेद आहे: आईवडिलांकडे नोकरीसाठी ग्राह्य सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर मुले नागरिक असूनही कमी उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांना मिळणारा केंद्रीय कर-परतावा त्यांना मिळत नाही. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण दोन घरांची मजुरी सारखी असली तरी हातात पडणारा पैसा इथे वेगळा होतो.

शहरनिहाय आकड्यांसाठी जनगणना विभागाची अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे ही पाहणी घ्यावी, पण त्यात आईवडिलांचे जन्मस्थान विचारले जात नाही. पिढ्यांची तुलना करायची असल्यास करंट पॉप्युलेशन सर्व्हे ही दुसरी सरकारी पाहणी वापरावी, कारण त्यात हा प्रश्न १९९४ पासून आहे. तिसऱ्या पिढीबाबत, म्हणजे स्थलांतरितांच्या नातवंडांबाबत, मात्र जपून लिहावे. ब्रायन डंकन आणि स्टीफन त्रेहो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे की, मेक्सिकन वंशाची काही नातवंडे स्वतःची नोंद तशी करत नाहीत आणि त्यांचे शिक्षण सहसा अधिक असते. त्यामुळे ती गणनेतून निसटली की त्या पिढीची प्रगती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.