सायकलला मोठी कॅसेट घेताय? आधी मागचा डिरेलर बघा

सिंहगड चढताना पाय भरून येतात म्हणून ११-२८ काढून ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, आकडे म्हणजे सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीचे दात) टाकायची असेल तर पैसे द्यायच्या आधी सायकल उलटी करा आणि डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाच्या, आतल्या बाजूला कोरलेला नंबर वाचा, चिखल पुसावा लागेल. उदाहरण म्हणून शिमानो कंपनीच्या १०५ गिअरचा आर७००० घ्या, त्यात शॉर्ट केज (दोन पुल्या धरणारा दांडा आखूड) म्हणजे एसएस ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ साठी त्याहून लांब, मीडियम केजचा जीएस लागतो.

नुसती मोठी चकती बघून भागत नाही हां, कपॅसिटी, म्हणजे डिरेलर किती दातांच्या फरकाची ढिली चेन ओढून धरतो, ती पण बघायची. पुढे पेडलजवळच्या चकत्या ५०-३४ असतील तर फरक १६, मागे ११-३४ चा फरक २३, बेरीज ३९, आणि जीएसची कपॅसिटी बरोब्बर ३९ च आहे. एसएसची ३५, म्हणजे ११-३० पर्यंत गाडी चालते, पुढे नाही.

मी एकदा 'चालतंय की' म्हणून जुनीच चेन ठेवली, पुढे मोठं मागे मोठं टाकलं तर डिरेलर पार पुढे ताणला गेला, तुटला नाही हे नशीब. कॅसेट मोठी तर चेन पण लांब, आणि वरची पुली मोठ्या चकतीला घासून करकर करत असेल तर डिरेलरचा बी-स्क्रू थोडा थोडा फिरवून पुली चकतीपासून लांब न्या. गिअर पहिल्यांदा बदलताना स्टँडवरच, हाताने पेडल फिरवत बघा, रस्त्यावर प्रयोग नको.