मुलाखतीची तयारी आणि घरातला अबोला

लेक बारावीला. आयपीमॅट या प्रवेश परीक्षेचा लेखी टप्पा पार झाला आणि इंदूरच्या आयआयएमचं मुलाखतीचं बोलावणं आलं. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा हा मॅनेजमेंटचा कोर्स, 2011 पासूनचा. मी लगेच परीक्षक झालो. रोज जेवताना प्रश्न: "मॅनेजमेंटच का?" तिने तोंड उघडलं की मी मध्येच, "असं नाही, असं म्हण." चौथ्या दिवशी वरणभात तसाच टाकून उठली. "बाबा, मुलाखत तुम्हीच द्या ना!" दार धाडकन.

दोन दिवस अबोला. मग हिने तोडगा काढला: लेकीने विचारायचं, मी उत्तर द्यायचं. पहिलाच प्रश्न, "वीस वर्षं एकाच ऑफिसात का?" मी पाच मिनिटं बोललो, उत्तर काही आलं नाही. ती खिदळतेय, मी घामाघूम.

तेव्हापासून जेवताना हा विषय बंद. रविवारी अर्धा तास, मोबाईलवर रेकॉर्डिंग. आधी तिनेच ऐकून चुका सांगायच्या, मी गप्प. (हे फार जड जातं.) तिसऱ्या रविवारी तिचं तिलाच कळलं की दर वाक्यात 'म्हणजे' येतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण असो.

भांडणं अजून होतात. पण ती अंथरुणावरच्या ओल्या टॉवेलवरून.