सोन्याचा खिळा, सोन्याची झिप: दागिन्याचं मूळ काम ओळखून खरेदी कशी करायची

कुठलाही दागिना हातात आला की वजन आणि घडणावळ विचारायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, हा प्रकार दागिना व्हायच्या आधी काय काम करत होता? ऐकायला येडपट वाटेल, पण महागड्या ब्रँडच्या डिझाइनपासून आजीच्या पुतळीहारापर्यंत बऱ्याच गोष्टींचं मूळ जहाजाचे साखळदंड, घोड्याचा लगाम, गॅसची नळी, पायलटचं घड्याळ असल्या कामाच्या वस्तूंत सापडतं. आणि हे माहीत असण्याचा फायदा नुसता गप्पा मारायला होतो असं नाही. ते जुनं काम ज्या जागी व्हायचं ना, दागिना बहुतेक वेळा तिथेच झिजतो, तिथेच सुटतो, आणि मजुरीही खरं तर त्याच जागेची द्यायची असते. ती जागा शोधायची आणि तिथे नख लावून बघायचं, पद्धत एवढीच.

सुरुवात स्क्रूपासून करा, कारण तो डोळ्याला दिसतो. कार्तिए या फ्रेंच दागिने-घड्याळांच्या ब्रँडचं सांतोस घड्याळ बघितलंय? काचेच्या भोवतीच्या चौकटीवर स्क्रू उघडे ठेवलेत. 1904 ची गोष्ट, आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ नावाचा ब्राझीलचा विमानवेडा पॅरिसमध्ये उडत असायचा, त्याची अडचण अशी की दोन्ही हात यंत्र सांभाळण्यात गुंतलेले असताना खिशातलं घड्याळ काढायचं कसं. लुई कार्तिए त्याचा मित्र, त्याने मनगटावर बांधायचं घड्याळ करून दिलं, आणि तेव्हा मनगटी घड्याळ म्हणजे बायकांची वस्तू असा समज होता हे लक्षात घ्या. 1911 पासून ते दुकानात मिळायला लागलं. दागिन्यात स्क्रू लपवायचा असतो हा सराफी नियम इथे सरळ मोडला आणि तोच ब्रँडचा चेहरा झाला.

पुढे 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्दो चिपुल्लो या इटालियन डिझायनरने त्याच कार्तिएसाठी लव्ह ब्रेसलेट केलं, दोन अर्धी कडी, दोन स्क्रू, आणि सोबत छोटा स्क्रू-ड्रायव्हर. घालायला दुसरा माणूस लागतो, म्हणजे प्रेमाची कल्पना वगैरे. कल्पना राहू दे बाजूला, तुम्हाला बघायचंय ते आटे, म्हणजे स्क्रूवरच्या पेचदार खाचा. आपल्याकडे हे नवीन नाहीच, पेचाचे तोडे आणि कानातल्याची फिरकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये, आणि फिरकी सैल होऊन कुडी हरवलेली बाई प्रत्येक घरात एक तरी असते. तर स्क्रूवाला दागिना तपासताना स्क्रू पूर्ण काढायला लावा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. भिंगातून आटे बघा, कडा धारदार आणि सारख्या हव्यात, घासून गोल झालेले नकोत. परत लावताना आधी उलट्या दिशेने हळूच फिरवायचं, एक बारीक टक्‌ असं बोटाला जाणवतं, आटा आट्यात बसला की मग सुलट फिरवायचं. हे घरी पण करायची सवय लावा कारण वाकडा घुसवलेला स्क्रू एकदा आटे खाऊन गेला की सोनाराकडे नवीन पाडून घेण्याशिवाय उपाय नसतो. रोज वापरत असाल तर आठवड्यातून एकदा स्क्रू चाचपून बघायचा, आणि फारच सैल होत असेल तर चष्म्याच्या स्क्रूला लावतात तसा रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब, तात्पुरता. आणि हो, स्क्रू-ड्रायव्हर घरात कुठे ठेवलाय ते दोघांना माहीत पाहिजे. हाताला सूज आली किंवा एमआरआय करायची वेळ आली तर तेव्हा ड्रॉवर उपसत बसायला वेळ नसतो.

स्क्रूवाल्या कड्याचं माप घेताना आपली बांगडीची सवय विसरा. बांगडी पंजातून जायला हवी म्हणून मोठी घेतो, हे कडं मनगटावरच उघडतं-मिटतं त्यामुळे ते अंडाकृती आणि मनगटालगत असतं, पण उन्हाळ्यात हात फुगतो म्हणून एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची. आणि माप संध्याकाळी घ्या.

आता साखळ्या, इथे माल भरपूर आहे म्हणून जरा थांबू. एर्मेस या फ्रेंच कंपनीचं शेन दाँक्र ब्रेसलेट 1938 चं, त्यांच्याच रोबेर द्यूमाने नॉर्मंडीच्या बंदरात नांगराची साखळी बघितली आणि चांदीत उतरवली. त्या कडीच्या मधोमध एक आडवी दांडी असते, आपल्याला वाटतं नक्षी असेल. खऱ्या नांगराच्या साखळीत ती दांडी दोन कामं करते, ओढ आल्यावर कडी चेपत नाही आणि कड्या एकमेकींत अडकून गाठ होत नाही. म्हणून बाजारात मरिनर किंवा अँकर चेन म्हणून जे मिळतं त्यात ती दांडी बघा: दोन्ही टोकांना नीट झाळलेली, म्हणजे धातू वितळवून जोडलेली, आहे का, की पत्र्यातून ठसा मारून नुसती उठवलीये. हातावर घेऊन साखळीचा ढीग करा आणि एका टोकाने उचला, मोकळी सुटत आली तर ठीक. भरीव आहे की पोकळ हेही इथेच कळतं, पोकळ कडीला पोचे पडतात आणि पोचा काढता येत नाही.

पुरुषांच्या गळ्यात दिसते ती चपटी कर्ब चेन घोड्याच्या हनुवटीखालून जाणाऱ्या लगामाच्या साखळीसारखी आहे. तिथे ती चामडीला टोचू नये म्हणून प्रत्येक कडी पिळून सपाट बसवलेली असते. दागिन्यातही तेच तपासायचं, पातळ कागद किंवा जुनी रेशमी ओढणी घ्या आणि साखळी त्यावरून दोन्ही दिशांनी ओढा, कुठे अडकली तर तिथल्या कडीची झाळ नीट घासलेली नाही, ती मानेवरचे केस पण ओढणार आणि स्वेटर पण उसवणार.

टी आकाराची दांडी आणि गोल कडी असा हुक हल्ली फार फॅशनमध्ये आहे. हा खिशातल्या घड्याळाच्या साखळीचा, तिला अल्बर्ट चेन म्हणायचे, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याच्या नावाने. दांडी वेस्टकोटच्या काजात आडवी घालायची की साखळी निसटत नाही. यात एकच गोष्ट महत्त्वाची, दांडी कडीच्या आतल्या व्यासापेक्षा चांगली लांब हवी, काठोकाठ असेल तर हात वर-खाली करताना कधी तिरपी होऊन निघून जाईल ते कळणारही नाही. आणि हा हुक ताणावर चालतो, म्हणून हलक्या साखळीला लावायचाच नाही. वजन नसेल तर दांडी बसून राहत नाही.

झिपची गोष्ट मला सगळ्यात आवडते. झिप म्हणजे आपण पँटची चेन म्हणतो तीच, गिडिअन सुंडबॅकने 1913 च्या सुमाराला तिचं आजचं रूप बसवलं आणि 1923 मध्ये एका अमेरिकन कंपनीने रबरी बुटांना लावून ती लोकप्रिय केली. अशी पायातली वस्तू. 1938 मध्ये डचेस ऑफ विंडसर, म्हणजे जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली ती वॉलिस सिम्पसन, तिने वॅन क्लीफ अँड आर्पल्स या पॅरिसच्या सराफांना सुचवलं म्हणतात की झिपसारखा हार करा. पहिला पूर्ण हार तयार व्हायला 1950 उजाडलं. मध्ये महायुद्ध होतं, पण काम पण तसंच अवघड, कारण ती खरी झिप आहे: रनर ओढला की दाते एकात एक बसतात, आणि पूर्ण बंद केली की हाराचं ब्रेसलेट होतं. सोन्याचे दाते एकसारखे आणि हिरे लावूनही न अडकणारे, विचार करा.

हे घ्यायचं म्हणत नाही मी, कुणाच्या बापाला परवडतंय. पण झिपसारखी पेंडंटं, सरकणारे गाठीचे हार आपल्याकडे मिळतातच, आपल्या ठुशीचा गोंडा तरी दुसरं काय करतो, दोऱ्याची गाठ सरकवून माप बदलतो. सरकणारं काहीही असलं की ते पूर्ण लांबीभर दहा-बारा वेळा सरकवून बघायचं, मधेच कुठे घट्ट-सैल होतंय का, आणि शेवटी अडवायला काही आहे का, नाहीतर रनर निघून हातात येतो. ठुशीचा दोरा दरवर्षी पटव्याकडून, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याकडून, बदलून घ्या, सोनं टिकतं आणि दोरा घामाने कुजतो.

बुल्गारी या इटालियन ब्रँडचं तुबोगास पण बघण्यासारखं आहे. 1940 च्या दशकात त्यांनी गॅसच्या लवचिक नळीवरून बांगड्या केल्या. सोन्याच्या लांब पट्ट्या लाकडाच्या किंवा तांब्याच्या गाभ्याभोवती एकमेकींत गुंतवत गुंडाळायच्या, मग गाभा काढून टाकायचा, झाळ कुठेच नाही तरी नळी वाकते आणि परत जागेवर येते. याची नक्कल ओळखायची सोपी खूण आहे, वाकवा आणि बाहेरच्या बाजूने बघा, पट्ट्यांमध्ये फट दिसली की घ्यायची नाही, आणि सोडल्यावर मूळ आकारात आली नाही तरी नाही.

घड्याळांत रिव्हर्सोचा उल्लेख करावाच लागेल कारण ते आपल्याकडच्या मातीत आपटूनच जन्मलंय. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश ऑफिसरांची पोलो खेळताना घड्याळाची काच फुटायची, म्हणून 1931 मध्ये जेजर-लकूल्त्र या स्विस कंपनीने डबी सरकवून उलटी करता येईल असं घड्याळ आणलं, काच आत आणि धातू बाहेर. आता त्या मागच्या बाजूवर लोक नावं आणि चित्रं कोरून घेतात. जुनं घेणार असाल तर सरकवायच्या खाचा तपासा, उलटी केल्यावर टक्‌कन बसली पाहिजे, लडबडली नाही पाहिजे.

मोहोरेची अंगठी पटकन सांगतो. ती लाखेवर शिक्का उठवायला होती, म्हणून अक्षरं उलटी कोरतात. दुकानात अक्षरं सरळ वाचता येत असतील तर ती फक्त नावाची अंगठी आहे, शिक्क्याचे पैसे देऊ नका. घरी पीठ किंवा मेण घेऊन दाबून बघा, ठसा स्वच्छ उठला तर कोरीवकाम खोल आहे.

ब्रोच म्हणजे मुळात अंगावरचा झगा अडकवायची पिन, रोमन लोक वापरायचे आणि तिला तारेची स्प्रिंग पण होती. 1849 मध्ये वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि 400 डॉलरला विकून टाकलं, तोवर ही अक्कल दीड-दोन हजार वर्षं जुनी झाली होती! पैठणीच्या पदराला ब्रोच लावणार असाल तर मागे वळवून पिन कुठे बसवलीये ते बघा, मध्याच्या वर हवी. मध्यावर किंवा खाली असली की ब्रोच पुढे झुकतो आणि जरीला भोक मोठं होतं.

आपल्या घरातलं उदाहरण पुतळीहाराचं. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट नाणं 1284 पासून निघायचं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळपास शुद्ध, व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावर आलं आणि त्यावर लोकांचा इतका भरवसा बसला की पुढे इथल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या. म्हणजे हार गळ्यातली तिजोरी होता, अडचणीत एक-एक पुतळी काढून मोडता यायची. म्हणून पुतळीहार घेताना एक पुतळी वेगळी तोलून मागा. आज बहुतेक ठिकाणी पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या असतात, दिसायला मोठ्या आणि वजनाला काही नाही. हलका हार घालायला बरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही, पण मग गुंतवणूक म्हणून घेतला असं स्वतःला सांगू नका. कमरेचा चांदीचा छल्ला मात्र अजूनही किल्ल्या अडकवूनच तपासायचा, घरच्या सगळ्या किल्ल्या लावून कमरेला खोचा आणि दोन वेळा जिना चढा.

आता एक प्रकार असा आहे की त्यात जुनं काम पूर्ण मेलंय आणि फक्त रूप उरलंय. 1971 चा चिपुल्लोचाच सोन्याचा खिळा, मनगटाभोवती वाकवलेला. खिळा काही ठोकत नाही, काही धरत नाही. मला तो आवडतो, पण सोनाराकडे तसा करायला टाकताना त्याला खास कारागिरी समजून तिप्पट मजुरी देण्यात अर्थ नाही, तो मूळचा एक वाकवलेला भरीव गज आहे. झिप किंवा तुबोगास असेल तर मजुरी वाजवी, तिथे घासाघीस करू नका. करवून घेताना ब्रँडचं नाव किंवा लोगो मात्र कोरून घेऊ नका, तो सरळ नकली माल होतो.

शेवटचा मुद्दा कॅरेटचा, यावर घरात भांडण ठरलेलं. स्क्रू, स्प्रिंग, सरकणारा भाग असलेला दागिना 22 कॅरेटमध्ये करू नका, सोनं मऊ पडतं आणि आटे महिन्यांत गुळगुळीत होतात. 18 कॅरेट सांगा, त्यात 75 टक्के सोनं असतं आणि मोडीला टाकाल तेव्हा तेवढ्याचेच पैसे येणार हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. पुतळी, मोहनमाळ असलं नुसतं लटकणारं काम 22 मध्ये खुशाल करा. हॉलमार्क बघताना 18 ला 750 आणि 22 ला 916, शेजारी सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच टाकून बघा. बिलावर सोन्याचं वजन, खडे असतील तर त्यांचं वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि स्क्रू किंवा हुक पुढे बदलून मिळेल का, किती पैसे घेणार, हेही त्याच बिलाच्या मागे सही-शिक्क्यानिशी लिहून मागा.